मार्थाच्या माहेरची साक्ष

नगरहून निघताना माझ्या पेटीत धुतलेली धोतरं, एक बरा कोट, पवित्रशास्त्र आणि आपल्या मासिकाचे मूठभर अंक होते. अंक कशाला, असं कुणी विचारलं असतं तर मंडळीत वाटायला, असं मी सांगितलं असतं. खरं कारण असं की त्या अंकात माझी कविता होती, आणि मी निघालो होतो त्या गावची मंडळी ती चाल लावून गाते, असं मेहुण्यानं कळवलं होतं. मला हरभऱ्याच्या झाडावर चढायला तेवढं पुरे झालं.

ती कविता तुमच्यापैकी पुष्कळांनी वाचली आहे. माझी पत्नी मार्था गेल्या वर्षी दवाखान्यात वारली. तिच्या शेवटच्या घडीचं वर्णन मी कवितेत केलं आणि तुम्ही मला सांत्वनाची पत्रं धाडलीत. तिच्या आईला, म्हणजे माझ्या सासूबाईंना, तार उशिरा पोहोचली. त्या नगरला आल्या तेव्हा माती होऊन गेली होती. कबरेजवळ बसल्या, कुणाला काही विचारलं नाही, दुसऱ्या दिवशी परत गेल्या. त्यानंतर मी त्यांच्या गावी जात होतो तो आता. निमित्त होतं तिथल्या मंडळीचा हंगामाचा सण, म्हणजे पीक घरात आल्यावर करायची उपकारस्तुती. त्या दिवशी मी मार्थाविषयी साक्ष द्यावी, असा पाळकांचा निरोप होता.

मनमाडला गाडी बदलली आणि मलकापूरला उतरलो. हवेत थंडी होती, सरकीचा वास होता. बाहेर कापसाच्या बैलगाड्या एकामागे एक लागलेल्या. चहाच्या टपरीवर पागोटंवाले एक गृहस्थ शेजारी बसले होते. त्यांनी माझ्या कोटाकडे, मग पेटीकडे पाहिलं.

"कुठी जाऊन राह्यले गुरुजी?"

"चिखलीकडे. उंद्रीच्या अलीकडे एक खेडं आहे."

"पुन्याचे का?"

"नाही, नगरचा."

"बोलन्यावरून तं पुन्याचेच वाटता बाप्पा," ते म्हणाले. "आता काय, सारे एकाच महाराष्ट्रातले झालो. पन तुमचं बोलनं पुस्तकावानी, आमचं आपलं असं."

मी वरवर 'तसं काही नाही' म्हटलं आणि आतून खूश झालो. मार्था लग्न होऊन नगरला आली तेव्हा 'मले', 'तुले' असंच बोलायची. माझ्या शाळेतल्या मास्तरांसमोर मला ते अवघड वाटे. मी थट्टा करी, ती हसे, आणि हळूहळू तिनं माझी भाषा उचलली. पुढे तर पाहुण्यांना ती नगरचीच वाटायची. हे मी माझं कर्तृत्व समजत होतो.

बुलढाण्याची एस.टी. खच्चून भरली होती. मोताळा मागे पडला, राजूरचा घाट सुरू झाला. सागाची वाळकी पानं रस्त्यावर पसरलेली, खाली दरीत उन्हाचे पट्टे, वर एखादं माकड कठड्यावर बसून आमच्याकडे पाहतंय. मी वर्णनासाठी शब्द जुळवत होतो. तेवढ्यात गाडीनं वळण घेतलं आणि शेजारच्या बाईंच्या मांडीवरचा जवसाच्या तेलाचा डबा माझ्यावर कलंडला. कोट, धोतर, पायातले बूट, सगळ्यांना अभिषेक झाला.

"काऊन बापा, आंगावर पडलं का?" बाईंनी विचारलं. प्रश्न अनावश्यक होता.

मागून कुणीतरी बोललं, "गुरुजीले तेल लागलं, आता हयद लावा. लगीन हाये का गुरुजी?"

गाडी हसली. मीही हसलो, म्हटलं, "नाही हो, सासुरवाडीला चाललोय."

"मंग तं तेल लावूनच जा लागते. बाई माहेरीच हायेत का?"

"नाही," मी म्हणालो. "वारली."

तेलवाल्या बाईंनी आपल्या पदरानं माझी बाही पुसायला घेतली. मी नको नको म्हणत होतो, त्या ऐकेनात. बुलढाणा येईपर्यंत त्या ती एकच बाही पुसत राहिल्या.

बुलढाण्याला गाडी बदलली, चिखलीला पुन्हा बदलली, आणि दिवस कलायच्या सुमाराला फाट्यावर उतरलो. मेहुणा दानिएल घ्यायला आला होता. तो गावात शिंपीकाम करतो. माझा अवतार पाहून त्यानं आधी पेटी घेतली, मग मला हुंगल्यासारखं केलं आणि म्हणाला, "भाऊजी, जवस का?" मी मान हलवली. दोन्ही बाजूंना तूर उभी होती, ज्वारीची कापणी झालेली, धसकटं (कापल्यावर जमिनीत राहिलेले बुडखे) पायाला बोचत होती. गाव लहान. मातीची घरं, मध्ये एक पार, आणि टोकाला पत्र्याच्या छपराचं प्रार्थनामंदिर. त्याच्यासमोर पोरी शेणाचा सडा घालत होत्या.

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांना गावात सालूबाई म्हणतात, मी मामी म्हणतो. वर्षभरात त्या वाळल्या होत्या. त्यांनी माझ्या पायावर पाणी घातलं, तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "जवाईबापू, लय वाळले तुमी." एकमेकांना वाळलेलं पाहून झाल्यावर आम्ही आत गेलो.

जेवायला कळण्याची भाकर (ज्वारी-उडीद एकत्र दळून केलेली) आणि सोल्याची आमटी होती. सोले म्हणजे तुरीचे ओले दाणे. मामी ताटाशी बसून वाढत होत्या.

"ही बांधावरची तूर हाये," त्या म्हणाल्या. "मारथाले लय आवडे. दरसाल मी तिच्यासाठी सोले वाळवून पाठवो. औंदा बी वाळवले. हाताले सवय हाये ना, हात काही आयकत नाही."

मी आमटी छान झाल्याचं सांगितलं. याहून बरं काही मला सुचलं नाही. मी कवी माणूस.

जेवणानंतर अंगणात सतरंजी पडली. टाळ आले, ढोलकी आली, बायामाणसं जमली. पाळकबाबा सायकलवरून आले. त्या भागातली चार-दोन खेडी ते सायकलवरूनच सांभाळतात. वयस्कर, बोळकं तोंड, पण आवाज खणखणीत. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि सर्वांना सांगितलं, "गाणं करनारे भाऊ हेच." मग मंडळीनं माझी कविता भजनाच्या चालीवर धरली.

विसरली माय, विसरले माहेर,
विसरले सारे आत नि बाहेर;
ओठांवर एक, येशू, तुझे नाम,
शांत मिटले डोळे, संपले काम.

टाळांच्या ठेक्यावर आपलेच शब्द ऐकताना काय वाटतं, हे लिहिणाऱ्यालाच कळेल. मी मान खाली घालून नम्र दिसण्याची खबरदारी घेतली. बायकांच्या बाजूला मामी गात होत्या, इतर बायाही सोबत म्हणत होत्या. कडवं पुन्हा पुन्हा घोळवलं जात होतं. तिसऱ्या-चौथ्या वेळेला माझ्या लक्षात आलं की पहिल्या ओळीला मामींचा आवाज येत नाही. त्या वेळी त्या कंदिलाची वात सारखी करत, नाहीतर एखाद्या पोराला जवळ ओढत. दुसऱ्या ओळीला पुन्हा गायला लागत. मला वाटलं, थकल्या असतील.

दुसऱ्या दिवशी रविवार. माझ्या कोटाला दानिएलनं राख चोळली, उन्हात घातला, पण तेल निघालं नाही. शेवटी उंद्रीच्या एका व्यापाऱ्याचा शिवून तयार झालेला कोट त्यानं मला दिला. तो व्यापारी अंगानं भरलेला असावा, कारण आत मी आणि आणखी एक बारीक माणूस सहज मावलो असतो. बाह्या दुमडून मी प्रार्थनामंदिरात गेलो.

मंदिराचं रूप पाहण्यासारखं होतं. वेदीपाशी ज्वारीच्या कणसांच्या पेंढ्या, कापसाची बोंडं, तांबडे भोपळे, गुळाच्या ढेपी, पाय बांधलेल्या कोंबड्या, एका वाटीत एकच अंडं. ज्याच्या घरी जे पिकलं ते त्यानं आणलेलं. उपासनेनंतर या वस्तूंचा लिलाव होतो आणि तो ऐकायला सारा गाव येतो. बौद्ध वस्तीतली मंडळी होती, भाजीपाला पिकवणारे माळी होते, सगळे दाराशी दाटीनं बसले होते. मामींनी तुरीच्या शेंगांची टोपली आणली होती. टोपलीवर धुतलेलं फडकं झाकलं होतं. "हे मारथाच्या नावचं," असं त्यांनी पाळकबाबांना सांगितलेलं मी ऐकलं.

प्रार्थना झाली, वचन झालं, गाणं झालं. मग पाळकबाबा म्हणाले, "आता भाऊ साक्ष देतील. आपल्या मारथाबाईनं प्रभूमध्ये कसा शेवट केला ते आपन त्यायच्या तोंडून आयकू."

साक्ष म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. देवासमोर आणि मंडळीसमोर, आपल्या डोळ्यांनी पाहिलं ते सांगायचं. मी उभा राहिलो आणि बोललो, चांगला बोललो. दवाखान्यातली पांढरी भिंत, खिडकीतून आलेलं ऊन, तिच्या चेहऱ्यावरची शांती, सगळं कवितेत होतं तसं. बायांनी डोळ्यांना पदर लावले. पुरुषांच्या बाजूनं कुणी कुणी 'हालेलुया' म्हटलं. मी थांबणार, तोच बायकांमधून मामी उभ्या राहिल्या.

उपासनेत असं कुणी मध्ये उठत नाही. पाळकबाबाही गोंधळले. मामींनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"जवाईबापू, एक इचारू का? तुमी तिथंच व्हते म्हनून इचारते. शेवटच्या टायमाले तिनं मले हाक मारली व्हती का? एखांदी खेप?"

वाचकहो, आता नीट सांगतो. मार्थानं आईला हाक मारली होती. एकदा नाही, सबंध दिवस. 'माय वं, माय वं' असं ती ओरडत होती. 'मले घरी ने वं माय.' लग्नानंतर मी तिच्या तोंडून पुसून काढलेली सगळी भाषा त्या एका दिवसात परत आली होती. आमच्या मंडळीतली मोठी माणसं खाटेभोवती प्रार्थनेला उभी होती. मला त्यांच्यासमोर ओशाळं वाटत होतं. ख्रिस्ती शिक्षकाची बायको मरताना प्रभूचं नाव घेत नाही, अडाण्यासारखी आईला हाका मारते, असं ते मनात म्हणत असतील असं मला वाटलं. मी वाकून तिला म्हणालो, "मार्था, प्रभूचं नाव घे." तिनं माझ्याकडे पाहिलं, ओळख नसल्यासारखं, आणि पुन्हा आईलाच हाक मारली. तिचा आवाज बसत गेला. संध्याकाळी ती गेली.

पुढे मी कविता लिहायला बसलो तेव्हा दुःख खरं होतं, हे मी शपथेवर सांगेन. पण ती ओरडलेली मला कागदावर नको होती. 'माहेर'ला 'बाहेर' जुळलं आणि मला लिहिण्याचा आनंद झाला. त्या आनंदात मी माझ्या बायकोला तिच्या आईचा विसर पाडला.

आता ती आई माझ्यासमोर उभी होती. हो म्हणायला एक अक्षर लागतं. पाळकबाबा माझ्याकडे कौतुकानं पाहत होते, दाराशी सारा गाव होता, पेटीत छापलेले अंक होते, आणि अंगावर दुसऱ्याचा कोट होता. मी म्हणालो, "नाही मामी. तिच्या ओठांवर फक्त प्रभूचं नाव होतं."

"आमेन," पाळकबाबा म्हणाले. मंडळी म्हणाली, "आमेन." सगळ्यांचं म्हणून झाल्यावर मामींनी 'आमेन' म्हटलं आणि त्या खाली बसल्या.

मग लिलाव झाला. तो एरवी मोठ्या मौजेचा प्रसंग असतो. एका अंड्यासाठी माणसं चढाओढ करतात, ज्याला मिळतं तो ते पुन्हा देवाला वाहतो, पुन्हा लिलाव. ते एक अंडं सगळ्या गावात फिरून परत वाटीत आलं. एका माळीबुवांनी स्वतःच आणलेला भोपळा स्वतःच सोडवून घेतला आणि लोक पोट धरधरून हसले. मी हसू शकत नव्हतो. मामींची टोपली पुढे आली तेव्हा मी बोली चढवायला लागलो. बौद्ध वस्तीतले एक शिक्षक समोरून बोली लावत होते, त्यांनाही मी मागे हटवलं. माझ्या ऐपतीबाहेर गेलो. टोपली माझी झाली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. "सासूबाईचा मान राखला जवायानं," कुणीतरी म्हणालं. मेल्याहून मेल्यासारखं होतं म्हणतात ते मला त्या टाळ्यांत कळलं.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. मामींनी दोनदा विचारलं, "पोट बिघडलं का बापू?" आणि सुंठ-गूळ घालून काढा करून दिला. मी तो प्यालो. मला कसलाही आजार नव्हता, लाजेवर सुंठेचा उपाय चालत नाही, पण नाही म्हणायला तोंड कुठं होतं?

सोमवारी सकाळी निघालो. दानिएलला दुकान उघडायचं होतं. तो निरोप घेऊन गेला, आणि मामी मला फाट्यापर्यंत पोहोचवायला आल्या. टोपलीतल्या शेंगा त्यांनी फडक्यात बांधून दिल्या होत्या. ते गाठोडं त्यांनी मला घेऊ दिलं नाही. पायवाटेनं त्या पुढे, मी मागे. तुरीवर दव होतं. माझं धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं.

"आमची मारथा चांगली मेली," त्या पुढे पाहतच म्हणाल्या. "देवाचं नाव घेऊन मेली. असं मरन कोनाले भेटते? मी देवाचे उपकार मानते."

मी हुंकार दिला.

"पन जवाईबापू, ते लहान व्हती ना, तं ठेच लागली तरी 'माय वं' म्हने. काटा मोडला तरी 'माय वं'. मले घरात आयकू ये." त्या दोन पावलं चालल्या. "मरनाले ठेचीपेक्षा कमी दुखते का?"

माझे पाय थांबले. मागून पावलं येईनाशी झाली तशा त्या वळल्या.

"मामी, मी काल खोटं बोललो," मी म्हणालो. "ती तुम्हालाच हाका मारत होती."

मग मी सगळं सांगितलं. खाटेभोवतीची माणसं, मी वाकून काय म्हणालो ते, तिनं माझ्याकडे कसं पाहिलं ते. काही राखून ठेवलं नाही. मामी वाटेकडेच्या धोंड्यावर बसल्या आणि गाठोडं मांडीवर घेतलं.

"मंग तुमी असं काऊन लिवलं?"

"मला वाटलं, तिचा विश्वास कमी होता असं लोक म्हणतील." एवढ्यावर थांबता आलं असतं, पण आता थांबायची मला भीती वाटू लागली होती. "आणि 'माहेर'ला 'बाहेर' जुळत होतं."

त्यांनी ते मनात म्हणून पाहिलं असावं. "जुळते खरं," त्या म्हणाल्या.

त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या शेंगांच्या गाठोड्यावर हात फिरवत होत्या. "वरीसभर म्या म्हनलं, म्या पोरीले असं काय केलं व्हतं, का ते मले इसरली," त्या म्हणाल्या. "तार उशिरा भेटली म्हनून रागावली असंन, असं बी म्हनलं. लय इचार केला बापू म्या."

मी त्यांच्यापुढे मातीतच बसलो. "मामी, मला क्षमा करा," एवढंच म्हणालो.

"मायले हाक मारनं म्हंजे इश्वास कमी असते का?" त्यांनी विचारलं. ते त्या टोमणा म्हणून बोलल्या नाहीत. त्यांना खरंच हवं होतं उत्तर. मी म्हणालो, "नसतो मामी." त्यांनी मान डोलावली आणि उठल्या.

फाट्यावर चिखलीच्या बाजाराला निघालेली माणसं होती. वांग्यांच्या पाट्या घेतलेले दोघं माळी, एक म्हातारबाबा शेळीचं दावं धरून. आम्ही बाजूला बाभळीखाली उभे राहिलो. गाडी अजून दिसत नव्हती. मामी रस्त्याकडे पाहत होत्या.

"कशी म्हने?" त्यांनी एकदम विचारलं.

"काय?"

"हाक. कशी मारे ते? म्हनून दाखवा."

मी आजूबाजूला पाहिलं. माळी आमच्याकडेच पाहत होते. मी घसा साफ केला आणि हलक्या आवाजात म्हणालो, "माय वं."

"इतक्या हयू?"

"नाही. मोठ्यानं."

"मंग तशी म्हना ना."

मी डोळे मिटले. तो दवाखाना आठवला, तो आवाज आठवला, आणि ज्या बोलीची मी इतकी वर्षं थट्टा केली त्या बोलीत, भर रस्त्यात, मोठ्यानं ओरडलो, "माय वं! मले घरी ने वं माय!"

शेळी बुजली. पाट्यांजवळ बसलेले माळी उठून उभे राहिले.

"ओ," मामी म्हणाल्या. समोरच्या शेतातून कुणी बोलावल्यासारखा त्यांचा चेहरा वर झाला होता. "ओ, आली वं माय. आली, आली."

मग त्या रडल्या. वर्षभराचं राहिलेलं सगळं त्या बाभळीखाली रडल्या. मी त्यांना धरलं होतं. म्हातारबाबा जवळ आले, काय झालं म्हणून मला विचारू लागले. मी सांगितलं, "यांची मुलगी वारली." कधी, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "आत्ताच कळलं." गाडी आली तेव्हा माळ्यांनी ती थांबवून धरली.

मामींनी तोंड पुसलं आणि गाठोडं माझ्या हातात दिलं. "येजा बापू," त्या म्हणाल्या. "पुन्हा येजा. मंडळीत काही सांगू नोका. त्यायले गानं आवडते."

"मी सांगणार आहे मामी. मासिकात लिहिणार आहे."

"मंग लिवा," त्या म्हणाल्या, "पन या खेपेले जुळवू नोका."

परतीच्या वाटेचं वर्णन करण्यासारखं काही नाही. घाट उतरलो, मलकापूरला गाडी मिळाली. एक गोष्ट मात्र डब्यात बसल्या बसल्या ध्यानात आली. इतकी वर्षं रविवारच्या शब्बाथशाळेत मी मुलांना उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, शिकवतो. वधस्तंभावर, खिळे ठोकलेले असताना, प्रभूची नजर आईकडे गेली आणि त्यानं तिची सोय लावली, हे मुलांकडून पाठ करून घेतो. प्रत्यक्ष प्रभूला जी मुभा होती ती मी माझ्या बायकोला दिली नव्हती. तिला त्याच्याहून पवित्र करायला निघालो होतो, तेही चार माणसांना बरं दिसावं म्हणून.

पेटीतले अंक मी वाटले नव्हते. ज्यांच्या घरी ते आहेत त्यांना माझी विनंती आहे, गाणं गायचं तर गा, चाल चांगली आहे. पण ते मार्थाविषयी नाही हे ध्यानात असू द्या. मार्थाविषयी खरं ते इथं लिहिलं आहे.

नगरला उतरल्यावर घरी न जाता मी सरळ कबरस्थानात गेलो. दुपार होती. दोन कबरी पलीकडे माळी पाणी घालत होता. मी शेंगांचं गाठोडं मार्थाच्या कबरेवर ठेवलं आणि इकडं तिकडं पाहिलं, कुणी ऐकत तर नाही ना. असं पाहिल्याची मला इतकी लाज वाटली की काय सांगू. मग माळ्याला ऐकू जाईल अशा आवाजात, तिच्याच बोलीत, मी तिला सांगितलं, "मारथा, मायनं ओ देल्ली वं."